दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

वर्तमानपत्रातलं शब्दचक्र असो, स्क्रॅबलचा रॅक असो, वर्डलचे रंगीत चौकोन असोत की मुलांच्या वहीतलं ‘या अक्षरांपासून शब्द तयार करा’ असो, बहुतेक जण एकच करतात. अक्षरांकडे टक लावून बसतात आणि काहीतरी सुचायची वाट बघतात. सात-आठ शब्द निघतात आणि मग गाडी अडते. लगेच ‘आपलं इंग्रजीच कच्चं’ असा निष्कर्ष काढून मोकळे! खरं तर अडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढचे वीस शब्द येत असतात. त्यांनी प्रश्न नीट वाचलेला नसतो किंवा शोधायला चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलेली असते.

या लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावांनी लिहिली आहेत: ए, बी, सी. कागदावर मात्र तुम्ही इंग्रजी लिपीतच लिहा, तेही कॅपिटलमध्ये. सरावासाठी ही नऊ अक्षरं शेवटपर्यंत जवळ ठेवा: ई, डी, यू, सी, ए, टी, आय, ओ, एन.

टप्पा १: प्रश्न नेमका कोणता, ते ठरवा

‘या अक्षरांचे शब्द’ असं म्हटलं की त्याचे निदान पाच वेगळे अर्थ निघतात, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

१. फक्त हीच अक्षरं, आणि प्रत्येक अक्षर जितक्या वेळा दिलंय तितक्याच वेळा. स्क्रॅबल आणि शब्दचक्र या प्रकारात येतात.

२. फक्त हीच अक्षरं, पण एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं. न्यूयॉर्क टाइम्सचं स्पेलिंग बी असं चालतं: सात अक्षरं, मधलं अक्षर सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरांचा.

३. ही अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, सोबत दुसरी कुठलीही चालतील.

४. ही अक्षरं याच क्रमाने, सलग.

५. अमुक अक्षर अमुक जागी. शब्दकोडं आणि वर्डल.

फरक किती पडतो ते आपल्या नऊ अक्षरांवर पाहा. एज्युकेट, कंडक्ट आणि अ‍ॅडिक्ट हे तिन्ही शब्द पहिल्या प्रकारात बाद होतात, कारण त्यांना अनुक्रमे दोन ई, दोन सी आणि दोन डी लागतात. दुसऱ्या प्रकारात तिन्ही बिनधास्त चालतात. शब्दचक्रात लोकांचे सगळ्यात जास्त शब्द बाद होतात ते इथेच.

तपासणी: सुरू करण्याआधी कागदाच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा. अक्षर पुन्हा वापरता येतं का? बाहेरचं अक्षर चालतं का? एखादं अक्षर सक्तीचं आहे का? किमान लांबी किती? चारांपैकी एकाचंही उत्तर माहीत नसेल तर कोड्याखालचा बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचा. अनेकवचनं आणि विशेषनामं चालतात की नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

टप्पा २: कागद मांडा

अक्षरं दिलेल्या क्रमाने एका ओळीत लिहू नका. ओळीत लिहिलं की डोळा ती शब्दासारखी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्याच जोड्या पुन्हा पुन्हा दाखवतो. स्वर एका बाजूला आणि व्यंजनं दुसऱ्या बाजूला, विस्कटून लिहा. आपल्याकडे ए, ई, आय, ओ, यू असे पाचही स्वर आहेत, आणि व्यंजनं चारच: सी, डी, एन, टी. एवढ्यावरूनही बरंच कळतं. एस नाही, म्हणजे साधी अनेकवचनं गेली. आर नाही, म्हणजे ई-आर शेवटचे शब्द गेले. जी नाही, म्हणजे आय-एन-जी गेलं. जे होणारच नाही ते आधी खोडलं की उरलेल्यावर लक्ष राहतं.

वाय दिलं असेल तर त्याला दोन्हीकडे लिहा. स्वर एकही नसताना वाय असेल, तर रिदम, मिथ, लिंक्स, क्रिप्ट हे शब्द फक्त त्याच्या जोरावर उभे राहतात.

घरात जुना स्क्रॅबल असेल तर टाइल्सच घ्या. हाताने सरकवता येणारी अक्षरं कागदावरच्या अक्षरांपेक्षा लवकर शब्द दाखवतात.

तपासणी: अक्षरं मोजा. नऊ दिली असतील तर कागदावर नऊच आहेत ना? विशेषतः दोनदा दिलेलं अक्षर एकदाच लिहिलं गेलं, की पुढचं सगळं गणित बिघडतं.

टप्पा ३: शेपटापासून सुरुवात करा

बहुतेक जण शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून विचार करतात. उलट करा. इंग्रजी शब्दांचे शेवट थोडेच आहेत आणि पुन्हा पुन्हा तेच येतात: ई-डी, आय-एन-जी, ई-आर, एल-वाय, टी-आय-ओ-एन, एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस, ए-टी-ई, आय-झेड-ई. यातला जो तुमच्या अक्षरांतून निघतो तो बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्या अक्षरांकडे पाहा.

आपल्या नऊ अक्षरांतून आधी टी-आय-ओ-एन काढा. उरतात ई, डी, यू, सी, ए. ही पाच अक्षरं नीट लावली की नऊच्या नऊ अक्षरांचा शब्द हातात येतो: एज्युकेशन. आता टी-आय-ओ-एन परत ठेवा आणि ई-डी काढा. उरतात यू, सी, ए, टी, आय, ओ, एन. या सातांतून ऑक्शन निघतो आणि कॉशनही निघतो. दोघांना ई-डी जोडा: ऑक्शन्ड, कॉशन्ड. म्हणजे नऊ अक्षरी शब्द तीन झाले, आणि ते दोन शेपटं बाजूला काढून बघितल्यामुळे निघाले.

याच ई-डीच्या जिवावर काउंटेड, नोटिस्ड, अ‍ॅक्शन्ड, कॉइन्ड, कोटेड, अ‍ॅक्टेड हेही येतात. टी-आय-ओ-एनखाली अ‍ॅक्शन, ऑक्शन, कॉशन हे छोटे शब्द वेगळे लिहायला विसरू नका. मोठा शब्द सापडल्याच्या आनंदात त्याच्या पोटातला छोटा शब्द राहून जातो.

सावध: एक शेपूट घेतलं की त्याखाली निघतील तेवढे सगळे शब्द लिहून काढा, मगच दुसरं घ्या. दर दोन शब्दांनी शेपूट बदललं तर काय बघून झालं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही.

टप्पा ४: आता पुढचं टोक, मग दोन्ही टोकं एकदम

उपसर्गांची यादी आणखी छोटी आहे: यू-एन, आर-ई, डी-ई, आय-एन, सी-ओ-एन, डी-आय-एस, ओ-यू-टी, पी-आर-ई. आपल्याकडून निघणारे घ्या. आय-एनने इंड्यूस आणि इंडक्ट, सी-ओ-एनने कॉन्ड्युइट, डी-ईने डिकँट, ओ-यू-टीने आउटडान्स. हा शेवटचा शब्द रोजच्या बोलण्यात येत नाही, पण स्क्रॅबलच्या कोशात आहे. ओ-यू-टी उपसर्ग लावून ‘एखाद्याला त्या कामात मागे टाकणं’ अशा अर्थाची ढीगभर क्रियापदं इंग्रजीत होतात. त्यामुळे रॅकवर ओ, यू, टी एकत्र दिसले की मागे एखादं क्रियापद बसतंय का ते जरूर बघावं.

आता दोन्ही टोकं एकत्र धरा. पुढे यू-एन, मागे ई-डी. मध्ये उरतात सी, ए, टी, आय, ओ. या पाचांतून मधला भाग काढायचा. कोट घेतलं तर अनकोटेड. अ‍ॅक्ट घेतलं तर अनअ‍ॅक्टेड. सी-आय-टी घेतलं तर अनसायटेड. हे तीन शब्द नुसतं बघत बसून सुचणारे नाहीत. मला स्वतःला या सगळ्या कामात हीच पायरी सगळ्यात फायद्याची वाटते आणि लोक नेमकी हीच गाळतात.

टप्पा ५: कान बंद, डोळे उघडे

मराठी वाचकांची म्हणून एक खास अडचण आहे. आपण जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे शब्द शोधतानाही मन आवाज शोधतं. एज्युकेशन म्हणताना कानाला ‘ज’ ऐकू येतो आणि ‘श’ ऐकू येतो. पण दिलेल्या नऊ अक्षरांत जे नाही आणि एसही नाही, एचही नाही. ज्याचं मन ‘श’साठी एस-एच शोधत बसतं, त्याला हा शब्द दिसणारच नाही.

म्हणून उरलेल्या अक्षरांवर एकदा अशी फेरी मारा. पी आणि एच असतील तर ‘फ’ करून बघा. जी-एच असतील तर मुका उच्चार धरा, म्हणजे नाइट, थॉट, हाय. के-एन, डब्ल्यू-आर आणि एम-बी या जोड्यांत एक अक्षर गप्प असतं: नी, राँग, लँब. ‘क’साठी सी, के, सी-के, सी-एच आणि क्यू हे सगळे पर्याय आहेत. ‘श’साठी एस-एचबरोबर टी-आय, सी-आय आणि एस-एस-आय आहेत.

दुसरी गोम अशी, की आपल्याच भाषांतून इंग्रजीत गेलेले शब्द आपल्याला इंग्रजी वाटत नाहीत, म्हणून ते आपण लिहीतच नाही. आपल्या नऊ अक्षरांत डेकॉइट आहे: डी, ए, सी, ओ, आय, टी. तोच आपला डकैत. धोती, रोटी, लाख, करोड म्हणजे इंग्रजीतला क्रोअर, सारी, सितार, तबला हे सगळे इंग्रजी कोशात बसलेले आहेत आणि स्क्रॅबलमध्ये चालतात. फक्त स्पेलिंग कोशातलं हवं. लाख एल-ए-के-एच असा आहे. घरच्या अंदाजाने ए वाढवू नका.

तपासणी: प्रत्येक शब्द लिहिल्यावर त्याची अक्षरं एकेक करून मूळ अक्षरांवर टिंब देत मोजा. एन्शंट लिहिलात तर दुसऱ्या एनला टिंब द्यायला जागाच सापडणार नाही. शब्द बाद. सक्तीचं अक्षर असेल तर त्यालाही टिंब पडलं ना, ते पाहा. मधलं अक्षर सी असताना ऑडिट किंवा युनाइट लिहून मोकळं होणं ही चूक तर नेहमीची.

टप्पा ६: ‘ही अक्षरं हवीतच’ असेल तर दुर्मिळ अक्षर आधी

तिसऱ्या प्रकारात वरचा क्रम जरा बदलतो. अक्षरं थोडी दिलेली असतात आणि बाहेरची कितीही घेता येतात. इथे सगळ्यात कमी वापराचं अक्षर पकडा आणि ते कुठे बसू शकतं ते बघा. क्यू, जे, एक्स, झेड ही अक्षरं कुठेही जाऊन बसत नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. सोपी अक्षरं नंतर कुठेही मावतात.

उदाहरण म्हणून एक्स, वाय आणि झेड तिन्ही असलेला शब्द काढू. झेडची हमखास जागा म्हणजे आय-झेड-ई हे शेपूट. ते मागे ठेवा. एक्स आणि वाय शेजारी येतात असं काय आठवतं? ऑक्सि, म्हणजे ओ-एक्स-वाय. ऑक्सिजनला मागचं शेपूट जोडा: ऑक्सिजनाइज. झालं. हीच तीन अक्षरं सलग हवी असती, म्हणजे प्रश्न चौथ्या प्रकारचा असता, तर हा शब्द चालला नसता. त्यासाठी हायड्रॉक्सिझीन आहे, खाजेवर दिलं जाणारं औषध. त्यात एक्स-वाय-झेड ओळीने येतात.

क्यू दिसला की शेजारी यू मांडून बघायची सवय चांगली आहे, पण यू नसेल तर हात टेकू नका. बुरका, नकाब, तलाक, फकीर या शब्दांची क्यूवाली स्पेलिंगं इंग्रजी कोशात आहेत, आणि स्क्रॅबलवाल्यांचा जीव वाचवणारा दोन अक्षरी क्यू-आय आहेच.

सलग अक्षरांच्या प्रश्नात एक युक्ती चालते. दिलेला तुकडा एकाच शब्दभागात बसवायचा हट्ट सोडा आणि तो दोन शब्दांच्या सांध्यावर पडतोय का ते बघा. एच-एच सलग हवेत? विथहोल्ड, हिचहाइक, बाथहाउस. के-के हवेत? बुककीपर. डब्ल्यू-डब्ल्यू? ग्लोवर्म. जोडशब्दाचा पहिला भाग जिथे संपतो आणि दुसरा सुरू होतो, तिथेच असली विचित्र जोडी जन्माला येते.

टप्पा ७: जागा ठरलेल्या असतील तर

वर्डलमध्ये पाच अक्षरं आणि सहा प्रयत्न. हिरवं म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळं म्हणजे अक्षर आहे पण इथे नाही, करडं म्हणजे नाहीच. पिवळ्याचा अर्धा अर्थ लोक विसरतात. ‘अक्षर आहे’ एवढं लक्षात राहतं, ‘इथे नाही’ हे विसरून तेच अक्षर पुन्हा त्याच जागी टाकतात. पाच रकाने आखा आणि प्रत्येक पिवळं अक्षर ज्या रकान्यात नको त्यात खोडून लिहा.

तुम्ही दिलेल्या शब्दात एकच अक्षर दोनदा होतं, एकाला रंग आला आणि दुसरं करडं राहिलं, तर अक्षर नाही असा अर्थ होत नाही. ते उत्तरात एकदाच आहे.

मोठा सापळा असतो तो एकच अक्षर उरल्यावर. समजा मागची चार अक्षरं ए-टी-सी-एच हिरवी झाली. आता बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच हे सगळेच शक्य आहेत. एकेक करून टाकत गेलात तर प्रयत्न संपतील. त्याऐवजी क्लँप हा शब्द टाका. तो उत्तर नाही हे माहीत असूनच टाकायचा. सी, एल, एम आणि पी ही चार अक्षरं एका फटक्यात तपासून होतात. सी हिरवा झाला तर कॅच, एल पिवळा झाला तर लॅच, एमने मॅच, पीने पॅच. यातलं काहीच झालं नाही तर बॅच, हॅच, वॉच एवढेच उरले. सीच्या बाबतीत तेवढं सांभाळा: तो चौथ्या जागी आहेच, त्यामुळे पिवळा होणारच. कॅच असेल तरच पहिल्या जागी हिरवा दिसेल.

सावध: हार्ड मोडमध्ये हिरवी अक्षरं जागेवर ठेवावीच लागतात, तिथे हा डाव चालत नाही. म्हणून हार्ड मोड खेळताना ए-टी-सी-एचसारखं गर्दीचं शेपूट फार लवकर हिरवं करून घेऊ नये.

टप्पा ८: मशीनकडून करून घ्यायचं असेल तर

शिक्षक मंडळींना वर्गासाठी याद्या लागतात, त्यांनी हाताने करत बसू नये. शब्दशोधाच्या बहुतेक साइट्सवर आणि एक्सेलच्या फिल्टरमध्ये दोन चिन्हं कळली की काम भागतं. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर, कुठलंही. तारा * म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. चार अक्षरी शब्द हवेत आणि तुम्ही तारा टाकलीत तर दहा अक्षरीही येतील. ही गल्लत सर्रास होते.

स्वतःची यादी करायची तर फुकट मिळणारी एनेबल ही शब्दयादी उतरवा. सुमारे १ लाख ७२ हजार शब्द आहेत, आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १० लाखांहून जास्त ओळी मावतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. मग क्रम असा:

१. रिकाम्या शीटचा पहिला स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करा, मग यादी चिकटवा. उलट केलंत तर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द एक्सेल शब्द म्हणून ठेवत नाही, तर्कमूल्य करून टाकतं, आणि शोधात ते सापडत नाहीत.

२. कस्टम फिल्टरमध्ये ‘कंटेन्स’ निवडून पहिलं अक्षर द्या, ‘अँड’ ठेवून दुसरं द्या. मध्ये ‘ऑर’ राहिलं तर यादी लहान होण्याऐवजी फुगते.

३. तिसरं अक्षर हवं असेल तर आलेला निकाल नव्या शीटवर चिकटवून पुन्हा फिल्टर लावा. इथेही दुर्मिळ अक्षर आधी, म्हणजे यादी पहिल्याच फटक्यात आटोपशीर होते.

४. दोन ई हवेत म्हणून ‘ई’ची अट दोनदा घातलीत तर उपयोग शून्य, कारण एकाच ईने दोन्ही अटी पुऱ्या होतात. तारा, ई, तारा, ई, तारा असा नमुना एकाच अटीत द्या.

‘फक्त हीच अक्षरं’ या प्रकारासाठी मात्र हा फिल्टर बेतास बात आहे. त्यासाठी अ‍ॅनाग्रॅमच्या, म्हणजे तीच अक्षरं फिरवून दुसरे शब्द काढून देणाऱ्या, साइट्स बऱ्या. त्यातल्या बऱ्याच आतून काय करतात ते कळलं तर हाताने पडताळणीही सोपी होते: शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावतात. एज्युकेशनची लावली तर ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. ऑक्शन्डची लावा, कॉशन्डची लावा, तीच ओळ येते. दोन शब्दांची ओळ जुळली की ते एकमेकांचे अ‍ॅनाग्रॅम, त्यात वादाला जागा नाही.

टप्पा ९: कोशात बघूनच यादी पक्की करा

कुठल्या कोशाप्रमाणे, हे आधी ठरवा. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर खेळल्या जातात आणि अमेरिकेत वेगळी यादी चालते. मोबाइलवरच्या खेळाने शब्द घेतला म्हणून तो स्पर्धेत चालेलच असं नाही. शाळेच्या कामासाठी ब्रिटिश स्पेलिंग धरा. कलर आणि लेबर या शब्दांत यू ठेवायचा, नाहीतर अक्षरांची संख्याच बदलते. विशेषनामं, आद्याक्षरी संक्षेप आणि मध्ये आडवी रेघ असलेले शब्द सहसा बाद असतात.

स्पर्धेत ज्या शब्दाबद्दल मनात थोडी जरी शंका असेल तो लावताना हिशोब करा. समोरच्याने चॅलेंज केलं आणि शब्द चुकीचा निघाला, तर टाइल्स परत उचलाव्या लागतात आणि पाळीही जाते. सातही टाइल्स एकदम लावल्या तर वरचे ५० गुण मिळतात, त्या मोहात असे शब्द जास्त लावले जातात. त्यावर तयारीचा उपाय आहे. रेटिना या सहा अक्षरांत एकेक अक्षर मिळवून होणारे शब्द पाठ करा. सी मिळवलं की सर्टन, डी मिळवलं की ट्रेन्ड, जीने ग्रॅनाइट, एचने हेअरनेट, एलने रिलायंट, पीने पेंटर, आरने ट्रेनर, एसने रिटेन्स, टीने नायट्रेट. सगळे ओळखीचे आहेत, कोश उघडायचीही गरज नाही. एससाठी तर रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर असे आणखी पर्याय आहेत, म्हणजे बोर्डावर एकासाठी जागा नसली तरी दुसरा बसवता येतो. हे झालं की कॉलिन्समधले दोन अक्षरी शब्द घ्या. ते सव्वाशेच्या आसपास आहेत, आणि मोठा शब्द दुसऱ्या शब्दाला खेटून लावायचा तर तेच लागतात.